खळ पारखणारं बोट

मंजुळाकाकी कुणाच्या समोर पाणी प्यायची नाही. तांब्या उचलायची, गॅलरीत जायची, तिकडे तोंड करून घटाघटा प्यायची, पदराने ओठ पुसायची आणि मगच आत यायची. घरातली पोरं हसायची, काकी चोरून पाणी पिते म्हणायची. काकीही हसायची, पण सवय काही सुटली नाही. यंदा पितृपक्षाच्या आधी काकी गेली. आता सगळे विचारतात, ती अशी का करायची. म्हणून हे सांगायचं.

तेव्हा काकी बावीस वर्षांची. लग्न होऊन तीन वर्षं झालेली. घोडपदेवच्या चाळीत तिसऱ्या माळ्यावर एक खोली. खोलीत नवरा उत्तम, सासरा कोंडीराम, आणि सासऱ्याची थोरली विधवा बहीण गंगुबाई. सासू आधीच गेलेली. माणसं सगळी कणकवलीकडची.

कोंडीराम लालबागच्या एका मिलमध्ये सायझिंग खात्यात. म्हणजे काय, तर ताण्याच्या सुताला खळ चढवायची, सूत मागावर तुटू नये म्हणून. मोठ्या पिंपात पीठ शिजवायचं, वाफेत उभं राहायचं. खळ पातळ झाली तर सूत तुटतं, घट्ट झाली तर गोळे बसतात. कोंडीराम पिंपात काठी घालायचा, काठीवरची खळ अंगठा आणि बोटात धरायचा, बोटं हळूच फाकवायचा. तार निघाली की मान हलवायचा. नाही निघाली की बोट झटकायचा. झटकलं की पिंप नापास, मग साहेब येऊ दे नाहीतर साहेबाचा बाप. एकतीस वर्षं त्याने हेच केलं. बोलणं कमी, बोट जास्त, असं त्याच्या खात्यातली माणसं म्हणायची.

छप्पन साल लागायच्या जरा आधी, पिंपाजवळच त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं, वाचा गेली. फक्त "बा" एवढंच निघायचं. इस्पितळात तीन आठवडे ठेवला. नाकातून रबरी नळी घालून दूध द्यायचे. ती त्याने दोनदा ओढून काढली. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता तोंडाने द्या, हळूहळू द्या, घरी न्या. बस, एवढंच. हळूहळू म्हणजे काय, आणि काय द्यायचं, ते कुणी विचारलं नाही. उत्तमच एकटा गेला होता आणायला, आणि बाप घरी येतोय याच आनंदात होता.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी घरी आणला. दोन दिवस उत्तमनेच दूध पाजलं. खोकायचा, पण उत्तम म्हणाला, नळीने घसा खरवडलाय, होईल बरा.

आणि तेवढ्यात रेडिओवर सांगितलं की मुंबई महाराष्ट्राला नाही, दिल्लीच्या हातात राहणार. झालं. चाळीच्या चाळी खाली उतरल्या. मिलचे भोंगे वाजले तरी कुणी आत जाईना. रस्त्यावर दगड, टायर जाळलेले, पोलिसांच्या गाड्या. उत्तम युनियनच्या पोरांतला, तो घरी बसणार होता थोडाच. तिसऱ्या दिवशी सकाळी पोलिस चाळीत चढले. उत्तमला आणि खालच्या माळ्यावरच्या चौघांना धरलं.

जिन्यात तो वळला आणि ओरडला, "मंजू, बाबांना सांभाळ! मी येईपर्यंत राहू देत ते!"

नवऱ्याला काकी नावाने कधी हाक मारायची नाही, तेव्हा तशी पद्धतच नव्हती. "अहो" एवढंच आलं तोंडातून, आणि तो खाली पोचलाही. पण शब्द कानात राहिला. मी येईपर्यंत राहू देत. तिथून तिला जी भीती बसली ती बसली.

त्याच दुपारची गोष्ट. गंगुबाईने तांदळाची पेज केली. आजाऱ्याला पातळ द्यायचं, हे आपल्यात सगळ्यांना माहीत. वरचं निवळ वाटीत काढलं, चिमूटभर मीठ घातलं. कोंडीराम गोधडीवर उताणा. गंगुबाईने त्याचं डोकं जरा उचललं आणि वाटी तोंडाला लावली.

"घे रे बाबा, पेज घे. पोटात दुधाबिगर काय नाय दोन दिस."

एक घोट गेला असेल, दुसरा गेला, आणि कोंडीरामला ठसका लागला. साधा ठसका नाही. आधी खोकला, मग खोकला बंदच झाला. डोळे बाहेर, तोंड उघडं, आवाज नाही. ओठ निळे पडायला लागले. काकीने वाटी भिरकावली, त्याला धरून बसवला, पुढे वाकवला, पाठीत गुद्दे घातले. पेज नाकातून आली. मग कुठे तो श्वास परत आला, असा की जुना भाता ओढावा.

गंगुबाई भिंतीला टेकून बसलेली. म्हणाली, "इस्पितळात न्या गो तेका."

नेणार कसा? खाली कर्फ्यू. दाराबाहेर पाय टाकला की शिट्टी वाजायची. गॅलरीतून अश्रुधुराचा वास येत होता, काकीचे डोळे चुरचुरत होते आणि रडतेय की धुराने, ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

त्यानंतर काकी चमचा उचलायची आणि परत ठेवायची. द्यावं तर मरतो, न द्यावं तरी मरतोच. त्या दिवशी तिने नुसतं ओलं फडकं त्याच्या ओठांवरून फिरवलं. कोंडीराम ते फडकं ओठांनी धरून ओढायचा. तहानेने नुसता वखवखलेला. आणि कोपऱ्यात माठ. त्याची नजर माठावरून हलायची नाही. काकीने माठावर आपलं जुनं नेसायचं पातळ टाकलं, झाकून ठेवला. स्वतः पाणी प्यायला गॅलरीत गेली. त्याला दिसायला नको. तीच ती सवय.

दुसऱ्या दिवशी कोंडीरामने पातेल्याकडे डावा हात केला. उपाशी माणूस, दुसरं काय करणार. पेज कालची, निवळ वर आलेलं, भात खाली बसून गच्च झालेला. काकीने घाबरत घाबरत त्या खालच्या गोळ्यातलं अर्धं बोट भरून घेतलं आणि त्याच्या जिभेवर ठेवलं. मुद्दाम बसवून, पाठीला उश्यांचा ढीग लावून, कारण आडवा ठेवायची आता तिला हिंमत नव्हती. आणि बघत राहिली, गळ्याची घाटी वर जाते का. गेली. वर गेली, खाली आली. ठसका नाही.

"आत्ये, घट्ट उतरलं!"

"चल! पाणी उतरत नाय त्येका आणि भात उतरतो? येडी झालीस."

काकीला स्वतःलाही पटलं नाही. परत एकदा दिलं, उतरलं. तिसऱ्यांदा जरा मोठा गोळा झाला, तो गालात अडकला, उजव्या बाजूला, जिथे त्याला काही कळतच नव्हतं. परत खोकला, परत पाठीत गुद्दे. म्हणजे घट्ट पाहिजे पण गोळा नको, पातळ नको पण गिळायला मऊ पाहिजे. हे किती, कसं, कुणाला विचारायचं?

संध्याकाळी कर्फ्यू दोन तास उठला तेव्हा दत्ताराम आला. हा कोंडीरामच्या हाताखाली खळ शिजवणारा, वीस वर्षं त्याचा जोडीदार. खोलीत आला आणि कोंडीरामला बघून आधी रडला, मग शिव्या दिल्या, सरकारला का नशिबाला ते माहीत नाही. काकी तेव्हा पेज घोटत बसलेली, रवीने, भाताचं शीत दिसायला नको म्हणून. घोटून वाटी पुढे केली. कोंडीरामने डाव्या हाताची दोन बोटं वाटीत घातली.

"मामा, नको ना," काकी सासऱ्याला म्हणाली. तिला वाटलं, डोकं फिरलं.

कोंडीरामने पेज अंगठा आणि बोटात धरली, बोटं फाकवली, आणि बोट झटकलं. शिंतोडे दत्तारामच्या सदऱ्यावर.

दत्ताराम बघतच राहिला. "वैनी, नापास केलं!"

"काय केलं?"

"पिंप नापास केलं मास्तरने. तार नाय निघत. घट्ट करा, पीठ लावा. अहो, एकतीस वर्षं हेच बोट आम्हाला नाचवतंय, आता तुम्हाला नाचवणार."

काकीने तांदळाचं पीठ पाण्यात कालवून पेजेत ओतलं, स्टोव्हवर चढवून ढवळलं. दत्ताराम बाजूला बसून सांगायला लागला, जसं खात्यात सांगायचे. "गुठळी नको. एका दिशेनं फिरवा. चमच्यावरनं धार पडता कामा नये, पण चमचा उलटा केला तर चिकटून पण बसता कामा नये. हळूच, घसरत खाली आली पाहिजे." खाली उतरवून निववलं. कोंडीरामने परत बोटं घातली, फाकवली. बारीक तार निघाली. त्याने मान हलवली.

अर्धी वाटी गेली त्या संध्याकाळी. छोटा चमचा, एक एक. प्रत्येक चमच्याला काकीची नजर घाटीवर, आणि स्वतःचा श्वास कोंडलेला. शेवटी दत्ताराम म्हणाला, "वैनी, तुम्ही पण श्वास घ्या जरा. दोन पेशंट झाले तर मी एकटा काय करू?"

रस्ते उघडल्यावर काकी पहिली इस्पितळात धावली. डॉक्टर भेटले नाहीत, पण वॉर्डातली म्हातारी आया भेटली, मीराबाई. एका बाकावर बसवून तिने सगळं ऐकून घेतलं.

"तुला देवाने शिकवलं, पोरी. पाणी लई पळतं. अशा माणसाचा घसा झोपलेला असतो, तो जागा होईपर्यंत पाणी चुकीच्या वाटेला गेलेलं असतं. घट्ट हळू जातं, घशाला वेळ मिळतो. बसवून दे, हनुवटी छातीकडे. खाल्ल्यावर अर्धा तास तसाच बसव. गालात राहिलेलं बोटाने काढ, तोंड पूस, घाण ठेवू नको."

"आणि ठसका लागला तर?"

"ठसका लागला तर बरं समज. न खोकता आत गेलं तर कळत पण नाही. मग ताप येतो, छाती भरते. म्हणून दर दोन चमच्यांनी त्याला बोलायला लाव. काय बोलतो?"

"बा. तेवढंच."

"तेच म्हणायला लाव. 'बा' कोरडा आला तर पुढचा चमचा. ओला आला, घुरघुरला, की थांब."

हे ऐकून काकीचा धीर वाढायला पाहिजे होता. उलट झालं. आतापर्यंत ती ठसक्याला घाबरत होती, आता शांततेला घाबरायला लागली. कोंडीराम गप गिळायचा तेव्हाच ती चमचा खाली ठेवायची. "मामा, बा म्हणा." बा. "परत म्हणा." बा. चौथ्यांदा म्हणायला लावलं की कोंडीराम चिडायचा, डोळे वटारायचा, आणि असा "बा" काढायचा की शेजारच्या खोलीतली शांता हसून म्हणायची, "मंजुळे, सासऱ्याला मोर्चात पाठवतेस काय? घोषणा चांगली देतो."

मग काकीने घोटायचं काम अंगावरच घेतलं. नाचणीचं सत्त्व, घट्ट. डाळभात फडक्यातून गाळून, वर तूप. शेजारची कोळीण मुडदुसा आणायची, आजाऱ्याला देतात तो मासा, त्याचा काटा न् काटा बोटांनी चाचपून काढायचा, खळीत कालवायचा. दूध पण पीठ लावून. चहासुद्धा! चहाची खळ बघून गंगुबाईने कपाळाला हात लावला. "ह्यो चाय की लापशी? देवा, भावाक माझ्या ह्या दिवस दाखवलंस!" पण कोंडीरामच्या गालाची वर आलेली हाडं जरा झाकली गेली, एवढं खरं. दिवसातून सहा वेळा, वाटी वाटी. एकेक वाटीला तास जायचा.

पाणी मात्र नाही. गंगुबाईला तेच सहन होईना. "साध्या पाण्याचा घोट नाय? कसायाच्या घरी पण पाणी पाजतत गो." चाळीतल्या बायका पण कुजबुजायच्या, सुनेने म्हाताऱ्याचं पाणी तोडलं. काकी ऐकायची आणि खाली मान घालून पीठ कालवायची. तुरुंगातून एक पत्र आलं होतं, शेजारच्या रमाकांतने वाचून दाखवलं. त्यात एकच ओळ कामाची होती, बाबा आहेत ना.

माघ संपता संपता जे व्हायचं ते झालं. एके सकाळी कोंडीरामचा "बा" ओला आला. दुपारपर्यंत अंग तव्यासारखं. छातीत बुडबुडे. काकी आठवत बसली, कुठला चमचा चुकला, कुठला? खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं, म्हणाले, तीन दिवस बघू, इस्पितळात जागा मिळाली तर कळवतो.

दुसऱ्या दिवशी कोंडीराम डोळेच उघडेना. गंगुबाईने ट्रंकेतून गंगेचा गडू काढला. छोटा, तांब्याचा, तोंड डाखलेला. कुणी तरी काशीहून आणलेला, तिने स्वतःसाठी जपून ठेवलेला. तो भावासाठी फोडायला निघाली म्हणजे बघा. खोली भरली. शांता, रमाकांत, दत्ताराम, गॅलरीत पण माणसं. कुणी तुळशीपत्र आणलं.

"सर बाजूक, मंजुळे."

काकी सरली नाही. "आत्ये, पाणी नको. ते जातील."

"जातलोच आसा! तानेलो जाऊ दे काय? गंगा तोंडात न पडता गेलो तर तू सोडवणार हायस त्येका? उत्तमाक काय सांगशीत, बापाक पाण्यावाचून मारलंय म्हणून?"

गंगुबाई खोटं बोलत नव्हती, हीच तर भीती. खरंच तहानेला गेला तर? पण त्या घोटानेच गेला तर? दोन्हीचं पाप तिच्याच पदरात. शेवटी काकीने गंगुबाईच्या हातातला गडू घेतला. बाजूला सकाळची खळ होती वाटीत. तिच्यात गंगेचं पाणी थेंब थेंब टाकलं आणि ढवळायला लागली.

"गंगा कालवतेस? शिव शिव शिव!"

"गंगाच आहे आत्ये. हळू चालणारी आहे, एवढंच." काकी बोलून गेली, आणि मग स्वतःच घाबरली.

दत्तारामने कोंडीरामला उचलून बसवलं, मान पुढे केली. वाटी जवळ आली, तसा कोंडीरामचा डावा हात हलला. डोळे मिटलेलेच. दोन बोटं वाटीत गेली. अंगठा, बोट. फाकवलं. सगळी चाळ त्या बोटांकडे बघत होती.

आणि त्याने बोट झटकलं.

दत्ताराम ओरडला, "नापास! पातळ झाली वैनी! अहो गंगुआत्ये, बंद करा तो गडू. मरणारा माणूस खळ पारखतो काय?"

शांता हसली, आणि हसता हसता रडायला लागली. काकीने आणखी घट्ट खळ घातली, ढवळली, परत वाटी पुढे केली. या वेळी मान हलली, जराशी. एक चमचा. घाटी वर, घाटी खाली. "मामा, बा म्हणा." कितीतरी वेळ काहीच नाही. मग आलं, घोगरं, पण आलं. गंगुबाईने गडूचं तोंड चिंधीने बांधलं आणि खाली बसली. त्या दिवसापासून खळीचं पीठ तीच चाळायला लागली.

ताप पाचव्या दिवशी उतरला. माणूस अर्धा झाला होता.

शिमग्याच्या आधी दोन दिवस उत्तम सुटला. कुणी कळवलं नव्हतं. दुपारची वेळ, काकी मोरीत पातेलं घासत होती. गॅलरीत पोरांचा गलका झाला, आणि बाहेर येऊन बघते तर उत्तम दाढी वाढलेला, बापासमोर गुडघे टेकून बसलेला. कोंडीरामच्या डोळ्यांतून पाणी, डावा हात मुलाच्या तोंडावरून फिरतोय, आणि मग तो हात वळला कुठे? माठाकडे. माठावरचं पातळ सरकलेलं होतं. उत्तमला काय माहीत. बापाने पाणी मागितलं, दोन महिन्यांनी भेटलेल्या मुलाकडे. त्याने पेला बुडवला, भरला, बापाच्या ओठाला लावला.

"उत्तम!!"

काकी कशी धावली ते तिलाही कळलं नाही. पेल्यावर अशी थाप मारली की पेला भिंतीला. पाणी सगळ्यांच्या अंगावर. गंगुबाईने तोंडावर हात ठेवला, पेल्यासाठी नाही, नावासाठी. चाळीत सुनेने नवऱ्याला नावाने हाक मारलेली तोपर्यंत कुणी ऐकली नव्हती, तीही अशी, तिन्ही माळ्यांवर जाईल अशी.

उत्तम ओला होऊन बघत राहिला. काकी खाली बसली, सासऱ्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, "गेलं काय आत? मामा, गेलं काय? बा म्हणा, बा म्हणा."

कोंडीरामने ओठ चाटले. "बा," म्हणाला. कोरडा. मग मुलाकडे बोट करून परत, "बा."

तेव्हा कुठे काकी रडली. मोठ्याने, सगळ्यांच्या समोर, नवऱ्याच्या ओल्या सदऱ्याला धरून. "ठेवलेत हो मी," म्हणत होती, "ठेवलेत."

कोंडीराम पुढे सव्वा वर्ष होता. घट्टच खात होता, रोज बोट घालून. गेला तो झोपेत, ठसक्याने नाही. उत्तमकाका खळ शिकला, पण पहिली दहा-बारा पातेली त्याची नापास झाली. काकी ते सांगताना खूप हसायची.

नवऱ्याला पुन्हा नावाने हाक तिने आयुष्यात मारली नाही. पाणी मात्र पाठ फिरवूनच प्यायली, शेवटपर्यंत. शेवटच्या आठवड्यात तिलाही बसवून चमच्याने द्यावं लागायचं. पाण्याचा चमचा ओठाशी नेला की ती भिंतीकडे तोंड करायची. आम्हाला वाटायचं, नको म्हणतेय.